'गेट' हे क्रियापद कसं वापरायचं: अर्थ, जागा आणि कूळ

'गेट' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ शब्दकोशात शोधायला जाऊ नका, निदान सुरुवातीला तरी. मिळणं, मिळवणं, आणणं, होणं, पोहोचणं, समजणं, करून घेणं, आजार जडणं अशी लांबलचक रांग लागते आणि शेवटच्या अर्थापर्यंत जाईस्तोवर पहिला विसरलेला असतो. हा शब्द अर्थ पाठ करून येत नाही. 'गेट'च्या लगेच पुढे काय आलंय, हे पाहायची सवय लावून घेतली की तो येतो. पुढे नाम आहे, विशेषण आहे, क्रियापदाचं तिसरं रूप आहे की जागा? एवढं कळलं की अर्थ बहुतेक वेळा आपोआप ठरतो. इथे एकेक जागा घेऊन तेच करू.

आधी लिपीमुळे होणारा एक घोळ निस्तरू. देवनागरीत फाटक या अर्थाचं 'गेट' आणि हे क्रियापद सारखंच लिहिलं जातं. उच्चार मात्र वेगळे आहेत. फाटकातला 'ए' लांबवायचा, शेवटी किंचित 'इ'कडे झुकवायचा. क्रियापदातला 'ए' आखूड, झटकन तोडलेला, 'येस'मधल्यासारखा. दोन्ही शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही. यापुढे 'गेट' म्हणजे क्रियापदच.

रूपं थोडक्यात: 'गेट', भूतकाळी 'गॉट', आणि तिसरं रूप ब्रिटिश इंग्रजीत 'गॉट', अमेरिकनमध्ये बहुतेकदा 'गॉटन'. 'गेटिंग' लिहिताना 'टी' दोनदा येतो. अमेरिकन बोलण्यात दोन स्वरांमधला 'ट' मऊ पडतो, म्हणून 'गेट इट' कानाला 'गेडिट' असं येतं. सिनेमे पाहताना हा शब्द निसटतो तो बऱ्याचदा इथेच.

आधी किल्ली: 'बी' आणि 'गेट'

'बी', म्हणजे 'अ‍ॅम', 'इज', 'आर', 'वॉज', ही रूपं स्थिती सांगतात. 'गेट' त्या स्थितीत येणं सांगतं. 'शी इज अँग्री' म्हणजे ती रागावलेली आहे. 'शी गॉट अँग्री' म्हणजे ती रागावली, आत्तापर्यंत शांत होती. 'दे आर मॅरीड' म्हणजे ते विवाहित आहेत. 'दे गॉट मॅरीड इन जून' म्हणजे जूनमध्ये त्यांचं लग्न झालं. 'हॅव'शीही हेच नातं. 'आय हॅव द की' म्हणजे किल्ली माझ्याकडे आहे, 'आय गॉट द की' म्हणजे किल्ली मिळाली. 'आय नो हिम' म्हणजे मी त्याला ओळखतो, 'आय गॉट टू नो हिम' म्हणजे माझी त्याच्याशी ओळख झाली.

आधी नव्हतं, मग झालं. 'गेट'च्या जवळजवळ प्रत्येक अर्थात हा बदल दडलेला असतो. नवं वाक्य समोर आलं की पहिला प्रश्न हाच विचारा: इथे काय बदललं?

पुढे नाम आलं तर

ही सगळ्यात सोपी जागा. 'गेट'नंतर नुसती वस्तू आली की मिळणं, मिळवणं, विकत घेणं किंवा आणणं. 'आय गॉट अ लेटर', पत्र आलं. 'शी गॉट द जॉब', तिला नोकरी मिळाली. 'व्हेअर डिड यू गेट दॅट बॅग?', ही बॅग कुठून घेतलीस? 'कॅन यू गेट मी सम वॉटर?', जरा पाणी आणून देतोस का? मराठीला चार क्रियापदं लागली, इंग्रजीचं एकावर भागलं. एक फरक ध्यानात असू द्या: मराठीत 'मला पत्र मिळालं' म्हणताना पत्र हा कर्ता असतो, इंग्रजीत मात्र ज्याला मिळालं तो माणूस कर्ता होतो. वाक्य त्याच्यापासूनच सुरू करायचं.

वस्तूऐवजी विनोद, मुद्दा किंवा नुसतं 'इट' आलं की अर्थ समजणं. 'आय डोन्ट गेट द जोक', विनोद कळला नाही. 'गॉट इट', समजलं. या अर्थाने 'गेटिंग' वापरू नका. फोनवर 'आय अ‍ॅम नॉट गेटिंग यू' हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. आपसात ते चालून जातं, पण बाहेरचा माणूस क्षणभर अडखळतो. म्हणणं कळलं नसेल तर 'आय डोन्ट गेट यू' आणि आवाजच येत नसेल तर 'आय कान्ट हिअर यू'. मराठीत 'कळत नाहीये' दोन्हीकडे चालतं, इंग्रजीत या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

आजारांची गंमत थोडी वेगळी आहे. 'आय गॉट अ कोल्ड' म्हणजे सर्दी झाली, हे ठीक. पण 'ताप येतोय' याचं थेट 'आय अ‍ॅम गेटिंग फीवर' करू नका. ताप असेल तर 'आय हॅव अ फीवर'. घसा खवखवायला लागलाय आणि आता सर्दी होणार असं वाटतंय, तेव्हा मात्र 'आय थिंक आय अ‍ॅम गेटिंग अ कोल्ड' अगदी चपखल बसतं.

दाराची बेल वाजली आणि कोणी 'आय विल गेट इट' म्हणालं, तर ते दार उघडायला निघालेत. फोन वाजत असेल तर तेच वाक्य फोन उचलण्यासाठी.

आणि शाळेतल्या व्याकरणाच्या सवयीने या क्रियापदाचा कर्मणी प्रयोग करू नका. 'अ लेटर वॉज गॉट बाय मी' असं कोणी बोलत नाही. तिथे 'वॉज रिसीव्ह्ड'.

पुढे विशेषण आलं तर

अर्थ होणं. 'इट इज गेटिंग डार्क', अंधार पडतोय. 'द सूप गॉट कोल्ड', सूप गार झालं. 'शी इज गेटिंग बेटर', तिची तब्येत सुधारतेय.

मराठी माणूस इथे हमखास दोनदा घसरतो. पहिली घसरण उशिराची. 'मला उशीर होतोय' याचं 'आय अ‍ॅम गेटिंग लेट' होतं. इंग्रजीत उशीर वेळेला होतो: 'इट इज गेटिंग लेट' म्हणजे फार वेळ झाला, निघायला हवं. माणूस मात्र 'आय अ‍ॅम रनिंग लेट' म्हणतो, आणि उशीर होऊनच गेला असेल तर 'आय अ‍ॅम लेट'.

दुसरी घसरण जास्त मजेशीर आहे. 'तो डॉक्टर झाला' याचं कोणी 'ही गॉट अ डॉक्टर' केलं, तर ऐकणाऱ्याला कळतं की त्याने डॉक्टरला बोलावून आणलं. होणं हा अर्थ विशेषणाआधीच निघतो. पुढे नाम आलं की 'गेट' परत मिळवण्या-आणण्याकडे वळतं. तेव्हा 'ही बिकेम अ डॉक्टर'.

सगळीच विशेषणं 'गेट'ला मानवत नाहीत. रंग बदलला की बहुधा 'टर्न' येतं, 'द लीव्ह्ज टर्न्ड रेड'. अन्न खराब झालं, दृष्टी गेली, डोकं फिरलं, टक्कल पडलं की 'गो' येतं: 'वेंट बॅड', 'वेंट ब्लाइंड', 'वेंट मॅड', 'वेंट बॉल्ड'. मागे फिरणं कठीण अशा बिघाडाकडे 'गो'चा ओढा दिसतो. पण हा नियम म्हणून छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण 'गेट ओल्ड' आणि 'गेट वर्स' रोजच्या वापरात आहेत. हे विशेषणासकट जोडीनेच लक्षात ठेवावं लागतं.

पुढे तिसरं रूप आलं तर

काही जोड्या ठरलेल्या आहेत: 'गेट ड्रेस्ड' कपडे घालून तयार होणं, 'गेट लॉस्ट' वाट चुकणं, 'गेट डिव्होर्स्ड', 'गेट मॅरीड'. शेवटच्या जोडीबद्दल एक सूचना. मराठीतल्या 'तिच्याशी'मुळे आपण 'मॅरीड विथ हर' म्हणतो. बरोबर रूपं दोनच: 'आय मॅरीड हर', मध्ये काही नाही, किंवा 'आय गॉट मॅरीड टू हर', 'टू' लावून.

बाकी ठिकाणी ही रचना कर्मणी प्रयोगाचं काम करते, आणि हा माझ्या मते 'गेट'चा सगळ्यात सुंदर वापर आहे. 'माय बाइक वॉज स्टोलन' आणि 'माय बाइक गॉट स्टोलन' दोन्ही बरोबर. मग फरक काय? 'द विंडो वॉज ब्रोकन' हे वाक्य पाहा. खिडकी फुटली की खिडकी फुटलेल्या अवस्थेत होती? दोन्ही अर्थ निघतात. 'द विंडो गॉट ब्रोकन' म्हटलं की शंका उरत नाही, फुटण्याची घटनाच घडली. किल्ली परत कामाला आली: 'बी' स्थिती, 'गेट' बदल.

शिवाय या रचनेत कोणाला तरी झळ पोहोचल्याचा किंवा कोणाचं तरी नशीब उघडल्याचा सूर असतो. 'ही गॉट फायर्ड', नोकरीवरून काढलं. 'शी गॉट प्रमोटेड', बढती मिळाली. 'वी गॉट कॉट', पकडले गेलो. उलट 'द हाऊस गॉट बिल्ट इन 1890' हे कोरडं विधान कानाला खटकतं, तिथे 'वॉज बिल्ट' हवं. गंमत म्हणजे त्यातच 'फायनली' घातलं, 'द हाऊस फायनली गॉट बिल्ट', की वाक्य लगेच बरं वाटतं, कारण आता त्यात अडचणी आणि खटपट आली. वाक्यात कोणाचा तरी जीव गुंतलेला असेल तर 'गेट' खुलतं.

आवडणं, माहीत असणं अशा क्रियापदांना ही रचना लावू नका. 'ही गॉट लाइक्ड बाय एव्हरीवन' होत नाही, कारण तिथे घटनाच नाही.

काम दुसऱ्याकडून करून घेतलं तर

मराठीत आपण सहज म्हणतो, 'मी काल केस कापले.' कात्री कोणाच्या हातात होती हे विचारायची गरज पडत नाही, ऐकणारा समजून घेतो. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हटलं तर तुम्ही आरशासमोर उभं राहून स्वतःच कात्री चालवली असं चित्र उभं राहतं, आणि समोरचा तुमच्या डोक्याकडे जरा निरखून पाहतो. न्हाव्याकडून कापले असतील तर 'आय गॉट माय हेअर कट'. चष्म्यासाठी डोळे तपासले, 'आय गॉट माय आइज टेस्टेड'. फोन दुरुस्त केला, म्हणजे दुकानात दिला होता, 'आय गॉट माय फोन रिपेअर्ड'.

क्रम महत्त्वाचा: 'गेट', मग वस्तू, मग तिसरं रूप. वस्तू आणि तिसरं रूप यांची अदलाबदल केली की अर्थच हरवतो. हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा, 'गॉट माय हेअर कट', आणि त्याच सापळ्यात आठवडाभरात करून घेतलेली कामं एकेक करून बसवा. एका बैठकीत जमून जातं.

याच सापळ्यात कधी इच्छाच नसते. 'आय गॉट माय फिंगर कॉट इन द डोअर' म्हणजे दारात बोट सापडलं. कोणी मुद्दाम सापडवून घेत नाही. संदर्भावरून हे कळतं. तिसऱ्या रूपाच्या जागी विशेषणही येतं: 'गेट द किड्स रेडी', मुलांना तयार कर, 'डोन्ट गेट युअर शूज वेट', बूट भिजवू नकोस.

वस्तूऐवजी माणूस आला तर 'टू' लागतो. 'आय गॉट हिम टू साइन' म्हणजे त्याची सही मिळवली, समजावून, गळ घालून, मागे लागून. शेजारची दोन वाक्यं ठेवून पाहा. 'आय मेड हिम साइन', सही करायला भाग पाडलं, त्याची इच्छा नव्हती. 'आय हॅड हिम साइन', सही करायला सांगितलं आणि त्याने केली, कामाचाच भाग. मराठीत तिन्हींना 'सही करायला लावली' चालतं, म्हणून आपण तिन्ही एका मापाने मोजतो. 'टू' फक्त 'गेट'बरोबर येतो. 'मेक' आणि 'हॅव' यांना तो लावायचा नाही.

जागा आली तर

पोहोचणं. 'वी गॉट टू द स्टेशन अ‍ॅट फाइव्ह.' 'होम', 'हिअर' आणि 'देअर' यांच्या आधी मात्र 'टू' नको: 'आय गॉट होम', 'गॉट टू होम' नाही.

वाहनांची गोष्ट एकदा समजून घेतली की पुन्हा चुकत नाही. आत शिरल्यावर ताठ उभं राहून चालता येतं अशा वाहनाला 'ऑन' आणि 'ऑफ': बस, ट्रेन, विमान, जहाज. वाकून आत बसावं लागतं त्याला 'इन' आणि 'आउट ऑफ': कार, टॅक्सी. सायकल, मोटारसायकल आणि घोडा यांच्यावर बसायचं असतं, म्हणून त्यांनाही 'ऑन'.

पुढे 'टू' आणि क्रियापद आलं तर

'आय गॉट टू मीट हर' म्हणजे तिला भेटायची संधी मिळाली, भेटता आलं. 'आय हॅव गॉट टू मीट हर' म्हणजे तिला भेटलंच पाहिजे. एका 'हॅव'चा फरक, आणि अर्थ सुखाचा की सक्तीचा हे त्यावर ठरतं. बोलताना हा 'हॅव' गळतोही. 'आय गॉट टू गो', भरभर म्हटलं की 'आय गॉटा गो', म्हणजे निघायलाच हवं. मग ओळखायचं कसं? बोलणं आत्ताचं असेल तर सक्ती, होऊन गेलेल्या दिवसाचं असेल तर संधी.

'गेट टू नो' आणि 'गेट टू लाइक' यांत हळूहळू होण्याचा भाव असतो: ओळख वाढत जाणं, आवडू लागणं. 'आयएनजी' रूप आलं तर सुरुवात: 'लेट्स गेट गोइंग', चला निघू या.

आता एक वाक्य सोडवू. 'आय गॉट माय ब्रदर टू गेट द कार फिक्स्ड बिफोर इट गॉट डार्क, अँड वी गॉट होम बाय नाइन.' चार वेळा तोच शब्द. पहिल्यापुढे माणूस आणि 'टू', म्हणजे भावाच्या मागे लागून त्याला कामाला लावलं. दुसऱ्यापुढे वस्तू आणि तिसरं रूप, म्हणजे भावाने स्वतः पाना हातात घेतला नाही, गाडी दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेतली. तिसऱ्यापुढे विशेषण, अंधार पडणं. चौथ्यापुढे 'होम', पोहोचणं. मराठीत: भावाच्या मागे लागून अंधार पडायच्या आत त्याला गाडी दुरुस्त करून घ्यायला लावली, आणि नऊपर्यंत आम्ही घरी पोहोचलो. चारही 'गेट' वेगवेगळ्या शब्दांत विरघळून गेले. शब्दाला शब्द ठेवून हे भाषांतर कधीच झालं नसतं.

हा शब्द आला कुठून

इंग्रजीतला हा इतका घरचा वाटणारा शब्द मुळात घरचा नाही. 793 मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठावर व्हायकिंगांनी, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लुटारूंनी, हल्ला केला. लुटीसाठी आलेले हे लोक पुढे उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये जमिनी कसत स्थायिक झाले. 1016 मध्ये तर कनूट हा डेन्मार्कचा राजपुत्र इंग्लंडचा राजा झाला. त्यांची जुनी नॉर्स भाषा आणि तेव्हाची इंग्रजी या जवळच्या भाषा, शेजारी नांदणाऱ्या. त्यामुळे उसनवारी झाली ती दरबारी शब्दांची कमी आणि रोजच्या शब्दांची जास्त: 'स्काय', 'स्किन', 'लेग', 'एग', 'विंडो', 'हजबंड', 'टेक', एवढंच काय 'ते' या अर्थाचं 'दे' हे सर्वनामसुद्धा. याच वाटेने नॉर्स 'गेटा' आलं. अर्थ होते मिळवणं, जन्म देणं, आणि अंदाज बांधणं.

पुरावा त्याच्या 'ग'मध्येच आहे. जुन्या इंग्रजीत 'ए' आणि 'इ' या स्वरांआधीचा 'ग' मऊ होऊन 'य' झाला होता. म्हणून जर्मनमध्ये 'गेल्ब' असलेला पिवळा रंग इंग्रजीत 'यलो' आहे, आणि जर्मन 'गेस्टर्न' इंग्रजीत 'येस्टरडे'मध्ये दिसतो. 'गेट' घरचं असतं तर आज त्याचा उच्चार 'येट'सारखा झाला असता. चौदाव्या शतकातला कवी चॉसर 'फर्गेट'च्या जागी 'फॉरयेट'सारखं 'य'चं रूप लिहितो ते याचमुळे. अंड्याचंही तसंच. छपाईकार विल्यम कॅक्स्टनने 1490 मध्ये एक किस्सा नोंदवून ठेवलाय: एका व्यापाऱ्याने 'एग्ज' मागितली, तर गृहिणी म्हणाली मला फ्रेंच येत नाही. तिला 'आयरेन' हा घरचा शब्द माहीत होता. पुढे दोन्ही ठिकाणी नॉर्स 'ग' जिंकला.

जुन्या इंग्रजीत या शब्दाचा भाऊ होता, पण एकटा न वापरता उपसर्गाला चिकटलेला. त्यातले दोन आजही आहेत. 'बिगेट', जन्म देणं, आणि 'फर्गेट'. 'फर्गेट'मधला 'फॉर' हा उपसर्ग दूर जाण्याचा, गमावण्याचा भाव देतो. म्हणजे विसरणं म्हणजे हातातली पकड सुटणं.

आणखी मागे गेलं तर भाषाशास्त्रज्ञ एका आदिम धातूपाशी थांबतात, अर्थ पकडणं. त्याच धातूची लॅटिन शाखा म्हणजे 'प्रेहेंडेरे', आणि तिच्यातून 'प्रिझन', 'सरप्राइज', 'कॉम्प्रिहेंड' हे शब्द निघाले. 'आय गेट इट' म्हणणारा सामान्य माणूस आणि 'आय कॉम्प्रिहेंड' म्हणणारा पंडित एकाच धातूवर बोलत असतात. आइसलँडच्या भाषेत 'गेटा'चा आजचा अर्थ शकणं असा आहे. 'आय गॉट टू मीट हर'मधली संधीची छटा त्याच्याशी जुळणारी वाटते.

जन्म देण्याच्या अर्थावरून 'गेट' हे नामही झालं, अर्थ संतती. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडात ते शिवीकडे झुकलं आणि त्याचं 'गिट' झालं: बावळट, नकोसा माणूस. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने 2005 मध्ये प्रोग्रॅमरांसाठी बनवलेल्या, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीला हेच 'गिट' नाव दिलं, आणि मी माझ्या सगळ्या प्रकल्पांना स्वतःचंच नाव देतो, अशी मल्लिनाथीही केली.

'गॉट' की 'गॉटन'

'गॉटन' हा अमेरिकन बिघाड आहे असा अनेकांचा समज असतो. तो जुना शब्द आहे. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये तो आहे. इंग्लंडमधून निघालेल्या वसाहतकऱ्यांनी तो सोबत नेला आणि जपला, मागे राहिलेल्यांनी टाकला. ब्रिटनमध्येही 'फर्गॉटन' आहेच, आणि पापाचा पैसा 'इल-गॉटन'च असतो.

अमेरिकन लोक दोन्ही वापरतात, आणि वेगवेगळ्या कामांसाठी. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी घेतली, मिळवली. ब्रिटिश माणूस दोन्हीकडे 'गॉट' म्हणतो. तुमची परीक्षा, नोकरी किंवा वाचक ज्या बाजूचे, ती बाजू एकदा निवडा आणि शेवटपर्यंत सांभाळा.

'हॅव गॉट' दिसायला भूतकाळी, पण अर्थाने वर्तमान: 'आहे'. म्हणून भूतकाळात 'माझ्याकडे गाडी होती' हे 'आय हॅड गॉट अ कार' होत नाही, सरळ 'आय हॅड अ कार'.

जोडक्रियापदं

'गेट'ला छोटी अव्ययं जोडून झालेली क्रियापदं ढीगभर आहेत. सगळी एकदम घेऊ नका. त्यातली बरीचशी जागेच्या अर्थावरून उकलतात, कारण मुळात चित्र हालचालीचंच आहे. 'गेट ओव्हर' म्हणजे कुंपण ओलांडून पलीकडे जाणं, म्हणून आजारातून किंवा दुःखातून सावरणं. 'गेट थ्रू' म्हणजे आरपार जाणं, म्हणून कठीण काळ निभावणं, आणि फोन लागणंही. 'गेट बाय' म्हणजे कसंबसं भागवणं. 'गेट अवे विथ' म्हणजे करून सवरून नामानिराळं राहणं, शिक्षा चुकवणं. 'गेट अलाँग' म्हणजे पटणं, जमणं. 'आय विल गेट बॅक टू यू' म्हणजे नंतर कळवतो. अनेकदा ते कळवणं होत नाही, हा भाग वेगळा.

'वेक अप' आणि 'गेट अप' यांत गल्लत करू नका. डोळे उघडणं हे पहिलं, अंथरुणातून उठणं हे दुसरं. दोन्हींच्या मध्ये अर्धा तास जाऊ शकतो.

लिहिताना कुठे ठेवायचं, कुठे काढायचं

शाळांमध्ये 'गेट' टाळा असं सांगण्याची जुनी रीत आहे. बोलण्यासाठी हा सल्ला वाईट. 'गेट' टाळून बोलणारा माणूस छापील वाटतो. अर्ज, अहवाल, प्रबंध यांत मात्र नेमका शब्द बरा: मिळण्यासाठी 'रिसीव्ह', मिळवण्यासाठी 'ऑब्टेन', होण्यासाठी 'बिकम', पोहोचण्यासाठी 'अराइव्ह' किंवा 'रीच', समजण्यासाठी 'अंडरस्टँड', मन वळवण्यासाठी 'पर्स्वेड'. काही जोड्या मात्र औपचारिक लिखाणातही हलवू नका. 'गेट मॅरीड'चं 'बिकम मॅरीड' केलं तर हसू येतं.

एक मसुदा घेऊ: 'आय गॉट युअर ई-मेल. आय डिड नॉट गेट द सेकंड पॉइंट. द वर्क इज गेटिंग डिलेड, बट आय विल गेट द टीम टू फिनिश इट बाय फ्रायडे.' मित्राला हे ठीक आहे. वरिष्ठांना पाठवायचं तर पहिल्या वाक्यात 'रिसीव्ह्ड', दुसऱ्यात 'अंडरस्टँड'. तिसऱ्यात 'हॅज बीन डिलेड', कारण उशीर होऊन गेलाय आणि तो मान्य केलेला बरा. शेवटच्या वाक्यात 'गेट द टीम टू' काढून 'द टीम विल फिनिश इट बाय फ्रायडे'. संघाच्या मागे लागावं लागणार आहे, हे वरिष्ठांना कशाला कळवा?